एका टेबलावर जेवलेला विद्यार्थी : न्यूयॉर्क आणि लंडनमधील बाबासाहेब

घाटंजी (जि. यवतमाळ) : आपल्या तालुक्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली, की घरातला पहिला प्रश्न विद्यापीठाचा नसतो. तिथे खाशील काय, असे आई विचारते. राहशील कुणासोबत, असे बाबा विचारतात. मग पिशवीत जवसाची चटणी जाते, लोणचे जाते, पापड जातात आणि सगळ्यांत वर बाबासाहेबांचा फोटो जातो. तो फोटो नेणाऱ्यापैकी किती जणांना ठाऊक असते, की खायचे काय आणि राहायचे कुणासोबत हेच दोन प्रश्न १९१३ साली खुद्द बाबासाहेबांपुढेही होते?

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. जयंतीच्या प्रत्येक भाषणात ती येते. पण या पदव्या मिळवताना ते कोणत्या खोलीत राहिले, कुणाच्या शेजारी बसून जेवले, त्यांचे मित्र कोण होते, हे फारसे सांगितले जात नाही. ते सांगायला हवे. कारण वर्गात त्यांना अर्थशास्त्र मिळाले, तर वसतिगृहात बरोबरीने जगण्याचा अनुभव मिळाला. पुढच्या आयुष्यात त्यांनी या दोन्ही गोष्टी आपल्या समाजासाठी वापरल्या.

ताट वेगळे, पाणी वेगळे

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव साताऱ्याच्या शाळेत गेले, तेव्हा बसायला स्वतःचे गोणपाट घेऊन जावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला, तर तहान तशीच राही.

१९०१ च्या सुमारास वडिलांना भेटायला ते भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले आणि तिथून बैलगाडीने कोरेगावला निघाले. मुले महार आहेत हे कळताच गाडीवान त्यांच्याजवळ बसायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर प्रवास सुरू झाला. डब्यात अन्न होते, पण रात्रभर कुणी पाणी दिले नाही. लहानग्या भीमाला जात म्हणजे काय, हे त्या रात्री कोरड्या घशाने शिकवले.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही फार वेगळे नव्हते. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले. कॉलेजमध्ये गेल्यावर प्रा. म्युलर यांच्यासारखे पुस्तके आणि कपडे देणारे गुरू भेटले, पण कॉलेजातला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत आपल्या घराबाहेर, इतरांच्या बरोबरीने ताटाला ताट लावून जेवणे म्हणजे काय, हे या तरुणाला जवळजवळ माहीतच नव्हते.

बडोद्याची शिष्यवृत्ती

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. याच गुरुजींनी पुढे त्यांची बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी गाठ घालून दिली. महाराजांच्या मदतीने ते बी.ए. झाले. १९१३ च्या सुरुवातीला बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले.

वडील गेल्याच्या दुःखातच नवी वाट उघडली. महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. ४ जून १९१३ रोजी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. घरी त्यागमूर्ती रमाई होत्या, काही महिन्यांचा यशवंत होता. त्यांना परळच्या चाळीत ठेवून भीमराव जहाजावर चढले आणि जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले.

हार्टले हॉल ते लिव्हिंग्स्टन हॉल

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांनी पहिला आठवडा काढला. तिथे जेवणाने गाठले. पदार्थ नीट शिजलेले नसत आणि बहुतेक गोमांसाचे असत. ते तोंडात जाईना. आज परदेशी गेलेला आपला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात फोनवर घरी जी तक्रार करतो, तीच ही तक्रार. फरक एवढाच, की तेव्हा फोन नव्हता आणि पत्राचे उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत.

मग ते ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. तिथे काही भारतीय विद्यार्थी होते. कॉस्मोपॉलिटन क्लब ही त्या काळातली अमेरिकन विद्यापीठांमधली एक चळवळच होती. १९०३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात पहिला असा क्लब निघाला आणि पाहता पाहता तो विचार इतर विद्यापीठांत पसरला. वेगवेगळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र यावे, एकमेकांचे देश समजून घ्यावेत, हा त्यामागचा हेतू. ज्याला आपल्या देशात वर्गातसुद्धा सगळ्यांबरोबर बसू दिले नव्हते, तो आता अशा क्लबचा रहिवासी झाला होता.

तिथून ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये गेले. खोलीतले सोबती होते मुंबईचे पारशी विद्यार्थी नवल भथेना. एक महार, एक पारशी. मुंबईत ही दोन मुले एका छताखाली राहिली असती का, याची शंकाच आहे. न्यूयॉर्कमध्ये ती एका खोलीत राहिली, एका दिव्याखाली वाचत बसली. ही मैत्री वसतिगृहापुरती राहिली नाही, ती आयुष्यभर टिकली. नवल भथेनांचे नाव या लेखात आणखी येणार आहे, म्हणून वाचकांनी ते लक्षात ठेवावे.

चरित्रकार धनंजय कीर यांनी न्यूयॉर्कच्या या दिवसांचे वर्णन करताना मोठ्या घटना सांगितलेल्या नाहीत. हवे तिथे चालणे, वाचणे, अंघोळ करणे, विश्रांती घेणे, टेबलावर बसून इतरांच्या बरोबरीने जेवणे, असल्या साध्या गोष्टी सांगितल्या आहेत. ज्यांना त्या जन्मतः मिळतात, त्यांना त्यांचे मोल कळत नाही. बाबासाहेबांना त्या बाविसाव्या वर्षी मिळाल्या.

मजा आणि जबाबदारी

सुरुवातीचे काही महिने या तरुणाने नव्या मोकळेपणाचा आनंद घेतला. मित्रांबरोबर फिरणे, खेळ, गप्पा. यात लपवण्यासारखे काही नाही. महामानवालाही बाविसावे वर्ष असते. पण लवकरच त्यांनी स्वतःला हिशेब विचारला. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, घरी रमाई काटकसरीने दिवस ढकलणारी, मागे शिक्षणाचे दार बंद असलेला अख्खा समाज. त्यानंतर त्यांनी स्वतःला अभ्यासात झोकून दिले, ते अखेरपर्यंत.

शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे असत. म्हणून खाण्यावरचा खर्च त्यांनी अगदी कमी केला. पण पुस्तकांच्या बाबतीत हात आखडता घेतला नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली.

याच काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कला होते. कोलंबियाच्या ग्रंथालयात तासन्‌तास बसणारा हा भारतीय विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला. त्याने आपल्या राजकीय कार्यात यावे, असा आग्रह लालाजींनी केला. बाबासाहेबांनी तो नम्रपणे नाकारला. महाराजांना दिलेला शब्द आणि हाती घेतलेला अभ्यास आधी, बाकी नंतर, ही त्यांची भूमिका होती.

परदेशी पोहोचताच, १९१३ सालीच, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल, असा त्याचा आशय होता. नवा देश पाहताना हा तरुण तिथे दिसणारी प्रत्येक चांगली गोष्ट आपल्या वस्तीला लावून पाहत होता.

वर्गात भेटलेले जग

कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद आजही पाहिली की थक्क व्हायला होते. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक वर्ग.

शिकवणारेही एका साच्यातले नव्हते. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन हे जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातले. मानववंशशास्त्राचे अलेक्झांडर गोल्डनवायझर कीव्ह शहरात जन्मलेले. जॉन ड्युई अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. लोकशाही म्हणजे केवळ मतदान नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांच्या लेखनात पुढे आयुष्यभर दिसतो. त्याच ड्युईंकडे १९१५ पासून चीनचे हू शी शिकत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी साध्या बोलीभाषेत साहित्य लिहिण्याची चळवळ उभारली. एकाच गुरूच्या वर्गांतून आशियातल्या दोन मोठ्या देशांचे दोन परिवर्तनकर्ते घडले. परदेशी विद्यापीठाचा खरा लाभ असा असतो.

१९१५ साली बाबासाहेब एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात ही देवाने निर्माण केलेली नाही. आपल्याच जातीत लग्न करण्याच्या बंधनातून ती टिकून राहते, हे त्यांनी तिथे मांडले. त्यात त्यांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ग्रंथाची दखल घेतली आहे. हे केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश करणारे, विदर्भात अमरावतीला वाढलेले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. हिंदू लोक जगात इतरत्र गेले तर जातीचा प्रश्न जगाचा प्रश्न होईल, हा केतकरांचा इशारा बाबासाहेबांनी त्या निबंधात आवर्जून नोंदवला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकेची दुसरी बाजू

हे सारे वाचून अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग असे कुणी समजू नये. कोलंबिया विद्यापीठाच्या शेजारीच हार्लेम आहे. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय लोक त्याच वर्षांत तिथे वस्ती करत होते. त्यांच्यासाठी देशाच्या मोठ्या भागात वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे नळ होते. पुढे १९२४ साली कोलंबियाच्याच फर्नल्ड हॉल वसतिगृहात फ्रेडरिक वेल्स हा कृष्णवर्णीय विद्यार्थी राहायला आला, तेव्हा काही गोऱ्या विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि विद्यापीठाच्या आवारात क्रूस जाळून त्याला धमकावण्यात आले.

म्हणजे ज्या विद्यापीठाने बाबासाहेबांना बरोबरीने बसवले, त्याच विद्यापीठात दुसऱ्या एका विद्यार्थ्याला ती बरोबरी नाकारण्याचा प्रयत्न झाला. बाबासाहेबांनी अमेरिकेकडे भाबडेपणाने पाहिले नाही. जुलै १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्यांनी त्यात नमूद केले आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढे कृष्णवर्णीयांच्या वतीने ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्युबॉईस यांनीही त्यांना आपुलकीने उत्तर दिले. तीस वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून पाहिलेले दुसऱ्याचे दुःख ते विसरले नव्हते.

बडोद्याची धर्मशाळा

१९१६ च्या ऑक्टोबरमध्ये बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते, ते शत्रूच्या पाणबुडीने बुडवले. कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

पण त्याहून मोठा घाव बडोद्याला बसला. कराराप्रमाणे ते नोकरीवर हजर झाले. स्टेशनवर उतरल्यावर प्रश्न उभा राहिला, राहायचे कुठे? परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याच्या स्टेशनवर ती परत आली. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. मित्रांच्या घरी जावे, तर त्यांना अडचणीत टाकल्यासारखे होईल. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळ, वटवाघळे, अंधार आणि एक मिणमिणता कंदील. दिवसा कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा संतापलेले पारशी हातात काठ्या घेऊन खोलीसमोर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान मिळाले. एका हिंदू मित्राला विचारले, एका ख्रिस्ती मित्राला विचारले. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. कोलंबियाचा पदवीधर, अर्थशास्त्राचा पंडित, बडोद्याच्या एका बागेत झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहत राहिला.

आता इथे नवल भथेनांची आठवण ठेवा. काठ्या घेऊन आलेलेही पारशी होते आणि न्यूयॉर्कच्या खोलीतला जिवलग मित्रही पारशीच होता. धर्म एक, समाज एक. मग फरक कशाने पडला? नवल भथेना या माणसाबरोबर राहिले होते, जेवले होते, रात्री जागले होते. काठीवाल्यांनी त्याला कधी पाहिलेही नव्हते. त्यांना फक्त त्याची जात कळली होती. माणूस माणसाबरोबर राहिला की त्याच्या जागी जात दिसेनाशी होते. एकमेकांपासून दूर ठेवले की जातीशिवाय काहीच दिसत नाही.

पुन्हा लंडन

बाबासाहेब हरले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी. १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले.

या वेळी न्यूयॉर्कसारखे वसतिगृह नव्हते. एका कडक स्वभावाच्या घरमालकिणीकडे खोली होती. सकाळी एखादा पावाचा तुकडा आणि चहा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री भूक अनावर झाली की पापड भाजायचे आणि कपभर दूध प्यायचे. आपल्या मुलांच्या पिशवीत आजही आईने घातलेले पापड असतात. ते भाजताना लंडनची ती खोली एकदा तरी डोळ्यांपुढे आणावी.

खोलीत दुसरा एक भारतीय विद्यार्थी होता. मध्यरात्री त्याला जाग आली की दिव्याखाली वाचत बसलेले बाबासाहेब दिसत. झोपण्याचा त्याचा आग्रह ते हसून टाळत. या कष्टांतून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली. ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी प्रवेश घेतला होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथाला लंडनच्या प्रा. एडविन कॅनन यांनी, तर प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला न्यूयॉर्कच्या प्रा. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज तिथे त्यांचे स्मारक आहे.

परतल्यावर काय केले? वसतिगृह काढले

१९२३ मध्ये बाबासाहेब परत आले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने सर्वांत आधी हाती घेतलेल्या कामांपैकी एक होते वसतिगृहाचे. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटीमार्फत आणखी वसतिगृहे चालवण्याचे काम हाती घेतले गेले.

वसतिगृहच का? खेड्यातल्या मुलाला शाळेपर्यंत आणायचे तर त्याच्या राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय आधी लागते, हे एक कारण. पण ज्याने न्यूयॉर्कला स्वतः अनुभवले होते, की मान वर करून जगण्याची सवय पुस्तकातून लागत नाही, ती सोबत्यांमध्ये राहून लागते, त्याला वसतिगृहाचे मोल वेगळे सांगायला नको होते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा मसूरच्या वाटेवरची तहान त्यामागे होती. आणि पाणी सर्वांना सारखेच मिळू शकते, हा परदेशातील वर्षांचा अनुभवही त्यामागे होता.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेले. सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशातील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात ही मागणी ठेवली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. या महाविद्यालयांची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडी होती. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये जे एका विद्यार्थ्याला मिळाले, ते हजारोंना मिळावे म्हणून ही खटपट होती.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. पदवी दिली. ज्या शहरात ते खायचे काय या चिंतेत उतरले होते, त्याच शहरात ते भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून परतले. तिथल्या लेहमन ग्रंथालयात आज त्यांचा अर्धपुतळा आहे.

संघ आणि नालंदा

आपण बौद्धांनी ही गोष्ट आणखी मागे जाऊन पाहावी. तथागत बुद्धांच्या संघात नाभिक उपाली होते, शाक्य राजपुत्र होते, भंगी समाजातले सुनीत होते. सगळ्यांचे भिक्षापात्र सारखे, बसणे एकत्र. नद्या समुद्राला मिळाल्यावर आपले नाव मागे ठेवतात, तसे संघात आल्यावर कुळाचे नाव मागे राहते, ही शिकवण प्रसिद्ध आहे. पुढे नालंदा महाविहारात चीनहून ह्युएन त्सांग आले, इ-त्सिंग आले, कोरियाहूनही भिक्षू आले. वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी एकाच विहारात राहून शिकत. जगाने कॉस्मोपॉलिटन क्लब काढण्याच्या कितीतरी शतके आधी ही रीत आपल्या भूमीत होती. ती आपण गमावली आणि तिच्या जागी गोणपाट वेगळे, पाणी वेगळे ही रीत आली.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला जे घडले, त्याकडे या नजरेनेही पाहता येते. बाबासाहेबांनी आपल्याला केवळ धर्म बदलून दिला नाही. सगळ्यांनी एका पंगतीत बसण्याची आपली जुनी रीत त्यांनी परत मिळवून दिली.

आज परदेशी जाणाऱ्यांसाठी

आज केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही त्यांच्या बळावर मोठे स्वप्न पाहू शकतो. पण केतकरांचा जो इशारा बाबासाहेबांनी १९१६ साली नोंदवला होता, तोही खरा ठरला आहे. जात विमानाने परदेशी पोहोचली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा नियम करावा लागला, तो उगाच नव्हे.

अशा वेळी आपल्या मुलामुलींनी काय करावे? बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत याचे उत्तर आहे. आपल्याच माणसांचा कोपरा धरून बसू नका. वेगळ्या देशाच्या, वेगळ्या भाषेच्या सोबत्याबरोबर खोली घ्या, त्याचे जेवण चाखा, त्याला जवसाची चटणी द्या. पहिला आठवडा जड जाईल, बाबासाहेबांनाही गेला होता. नव्या मोकळेपणाचा आनंद घ्या, पण घरी कुणी पोटाला चिमटा घेतला आहे हे विसरू नका. तिथे दुसऱ्या कुणावर अन्याय होताना दिसला, तर डोळे मिटू नका. आपली जात लपवण्याची गरज नाही आणि मिरवण्याचीही नाही.

आणि परत आल्यावर, किंवा तिथूनच, आपल्या गावातल्या वसतिगृहाकडे एकदा वळून पाहा. तिथल्या मुलांना पुस्तके आहेत का, दिवा आहे का, जेवण नीट आहे का, हे विचारा. लिव्हिंग्स्टन हॉलच्या त्या खोलीचे ऋण बाबासाहेबांनी सोलापूर, मुंबई आणि औरंगाबादला फेडले. आपल्या वाट्याचे ऋण आपल्याच तालुक्यात फेडायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!